दगडाचं सुतक

मी सांता लुचिया बोलतेय. नाव बाईचं आणि तोंडावर मिशी, म्हणून हसू आलं तर हसून घ्या. माल्टाच्या किनाऱ्यावर आम्हा होड्यांना त्याचं काही वाटत नाही. आमच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना लाकडात कोरलेला एकेक डोळा असतो आणि तिथेच रंगाचा एक रुंद पट्टा असतो. त्या पट्ट्याला इथली माणसं मिशी म्हणतात. मिशीचा रंग बघून होडी कुठल्या गावची ते लांबून कळतं. आमच्या मार्साहजरची मिशी पिवळी.

माझी मात्र काळी आहे. घरातलं माणूस गेलं की होडीची मिशी वर्षभर काळी ठेवायची, अशी रीत आहे. सुतक घरातल्यांचं, पण ते तोंडावर घेऊन चारचौघांत हिंडायचं मी.

मला बांधलं मिस्त्री झेप्पीने, त्याला आता पन्नास वर्षं झाली. माणूस हाताने सावकाश आणि तोंडाने जलद. फळ्यांच्या फटीत कापूस ठासताना तो वाऱ्यापासून पाद्रीपर्यंत सगळ्यांना शिव्या घालायचा. माझा डावा डोळा त्याने उजव्यापेक्षा बोटभर मोठा कोरला. मला बांधून घेणारा सावेर कोळी म्हणाला, "झेप्पी, डोळे सारखे नाहीत." झेप्पी म्हणाला, "तुझे तरी कुठे आहेत? बायकोने केलंच ना लग्न?" सावेरने मग तो विषय काढला नाही.

सावेरने माझ्यातून तीस वर्षं मासे मारले. तो गेला तेव्हा माझी मिशी पहिल्यांदा काळी झाली आणि वर्षाने पुन्हा पिवळी झाली. मी त्याच्या दोन मुलांकडे आले. थोरला विस्तिन, धाकटा नार्दू. तोवर मासे कमी झाले होते आणि माणसं वाढली होती. म्हणून जाळी काढली, दोन बाकं ठोकली आणि मी माशांऐवजी पाहुणे वाहू लागले. फरक फार नव्हता. पाहुणे जास्त हलायचे, एवढंच.

पाहुणे यायचे मोठी कमान बघायला. धक्क्यापासून होडीने पंधरा मिनिटांवर कड्यातून एक खडक समुद्रात पुढे आला होता आणि लाटांनी त्याचं पोट कोरून आरपार केलं होतं. खालून जाताना आठ मजली घर मावेल एवढी उंची. वाटेत गुहा लागतात. एका गुहेत ऊन पाण्याखालून येतं आणि माणसांच्या हनुवट्या निळ्या दिसतात. पाण्याच्या रेषेला लागून खडकावर नारिंगी आणि जांभळी किनार आहे. तिला रंग दिलाय का, असं दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच.

माणसाची जात मी जवळून पाहिली आहे. गुहेत शिरला की प्रत्येक जण ओरडून बघतो. ओरडून झालं की पाण्यात हात घालतो, मग तो हात शेजारच्याच्या अंगावर झटकतो. कमानीखाली आलं की सगळे कॅमेरे वर करतात आणि कमान डोळ्यांनी बघायची राहून जाते. मी बोलत नाही. माझं काम न्यायचं आणि आणायचं.

आणि गावची माणसं? ती तर बघतच नाहीत. परदेशातून चार तास उडून लोक यायचे, पण मार्साहजरमधली अर्धी माणसं कमानीखालून कधी गेली नव्हती. सावेरची बायको वितोरीन त्यातलीच. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, नवरा होडीवाला, दोन्ही पोरं होडीवाली, घर धक्क्याला लागून. मला हिवाळ्यात ओढून ठेवतात तेही तिच्या दारासमोर, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं. लहानपणी रानातल्या केपर झुडपांच्या कळ्या खुडायला ती कमानीच्या पाठीवरून शंभर वेळा चालली होती. खालून मात्र एकदाही नाही. कुणी म्हटलं, "अगं वितोरीन, एकदा जा की," तर ती म्हणायची, "दगडच ना? पळून जातोय का कुठे? आधी ही भांडी होऊ देत."

आता भावांचं सांगते. आमचं गाव लहान, पण संत दोन. वरच्या आळीचा सान रोक्कू, खालच्या आळीचा सान ज्युसेप. प्रत्येकाचा बँड वेगळा, प्रत्येकाचे फटाके वेगळे, आणि आपल्या संताचा फटाका मोठा वाजला की माणसाला मुलगा झाल्याएवढा आनंद होतो. सावेरचं घर सान रोक्कूचं. नार्दूने बायको केली खालच्या आळीतली, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी तो सान ज्युसेपच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला लागला.

तेवढं चाललं असतं. पण सणाच्या दिवशी तो बँड घेऊन थेट विस्तिनच्या सज्ज्याखालून गेला, गाल फुगवून. विस्तिन आत गेला आणि फरशी पुसायची बादली घेऊन बाहेर आला. बादली बरोबर क्लॅरिनेटवर रिकामी झाली.

त्यानंतर अकरा वर्षं दोघे बोलले नाहीत. नार्दूने स्वतःची फायबरची बोट घेतली. तिला डोळे नाहीत, मी तिच्याबद्दल जास्त काही बोलत नाही. दोन्ही बोटी एकाच धक्क्यावर, शेजारी शेजारी. नार्दूच्या पायाखालचा दोर विस्तिनला हवा असला की तो पाहुण्याला म्हणायचा, "साहेब, त्या गृहस्थांना सांगा, पाय काढा." नार्दू मांजराला सांगायचा, "मने, सांग त्यांना, धक्का त्यांच्या बापाचा नाही." दोघांचा बाप एकच आहे हे त्या वेळी कुणाच्या लक्षात यायचं नाही.

विस्तिनच्या घराचा उंबरा चढणार नाही, अशी नार्दूने शपथ घेतली होती. आई त्या घरात. म्हणून तो तिला दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटायचा, माशांची पिशवी हातात द्यायचा आणि निघायचा. वितोरीन घरी येऊन मासे साफ करायची आणि मोठ्याने बोलायची. ऐकायला विस्तिन असायचा, नाहीतर मी. "ते दोन संत वर एका टेबलावर बसून जेवत असतील. आणि माझी ही दोन गाढवं! मला पुरायला तरी एकत्र येतील. पण ते बघायला मी कुठे असणार?" तिला फक्त एवढंच हवं होतं. मरायच्या आधी दोन्ही पोरं एका टेबलावर बसलेली बघायची होती.

गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरात, तिने आणखी एक गोष्ट मागितली. विस्तिन माझी बाकं धूत होता. ती दारात आली आणि म्हणाली, "विस्तिन, मला एकदा ने रे त्या कमानीखालून. गुडघे आहेत तोवर."

विस्तिनने वर बघितलं नाही. "आता समुद्र बिघडायला लागलाय, आई. वसंतात नेतो."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी समुद्र बिघडला नव्हता. तळ दिसत होता. दुपारी पाहुण्यांची तुकडी यायची होती, म्हणून विस्तिनला घाई होती.

फेब्रुवारीच्या शेवटी ईशान्येचा वारा सुटला. इथे त्याला ग्रिगाल म्हणतात आणि नाव घेताना छातीवर क्रुसाची खूण करतात. तीन दिवस कुणी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कड्यावरून मेंढ्या हाकणारा एक जण धावत खाली आला आणि धक्क्यावर ओरडला, "कमान गेली!"

गाव कड्यावर लोटलं. परत आले ते सगळे गप्प. ज्यांनी जन्मात कमान बघितली नव्हती ते जास्त गप्प. विस्तिन घरी आला, पण आत गेला नाही. माझ्याजवळ उभा राहिला. मग फळीवरचा काळ्या रंगाचा डबा काढला, ब्रश काढला आणि वारा पुरता पडलाही नव्हता तरी माझी मिशी रंगवायला बसला. रंगवताना तो रडत होता. कमानीसाठी रडत होता की आईला दिलेल्या शब्दासाठी, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक त्यालाही नसतं आलं.

घरात कुणी मेलेलं नसताना मिशी काळी करायची नसते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस दुःखात असला की त्याच्या हाताला जे येतं ते तो करतो.

व्हायचं तेच झालं. तासाभरात शेजारीण चेत्ता कोंबडीच्या सूपचं पातेलं घेऊन, काळा रुमाल बांधून हजर. दारातूनच हंबरडा. "विस्तिन रे, गेली का रे माझी वितोरीन! कालपर्यंत खोकत होती गं बाई!"

दार वितोरीननेच उघडलं. चेत्ताने पातेलं सोडलं. सूप माझ्यापर्यंत ओघळत आलं.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय करतेस?" वितोरीन म्हणाली. "आणि सूप कशाला सांडलंस? चांगलं होतं."

दुपारपर्यंत आणखी पाच जण आले. एकाने मेणबत्त्या आणल्या होत्या. वितोरीन प्रत्येकाला "नाही रे बाबा, अजून आहे मी" असं सांगून थकली. शेवटी दारात खुर्ची टाकून बसली आणि बाकल्याच्या शेंगा सोलायला लागली, म्हणजे लांबूनच दिसावं. आत वळून म्हणाली, "विस्तिन, दगडाला सुतक लागतं होय रे? माझ्या वेळी काय करशील, घर काळं करशील?" विस्तिन आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. संध्याकाळी गार वारा आला तशी ती शेंगा घेऊन आत गेली.

आणि नेमकी तेव्हाच वाऱ्यामुळे शेजारच्या बेटावर अडकलेली पहिली बोट आली.

त्या बोटीत नार्दू होता. मेहुण्याकडे गेला होता, तिकडेच तीन दिवस अडकला. आई खोकल्याने तीन रविवार चर्चला आली नव्हती, हे त्याला माहीत होतं. धक्क्यावर उतरला आणि त्याने मला बघितलं. त्याच्या हातातली पिशवी गळून पडली. तो माझ्याजवळ आला, मिशीवर हात टेकवला. रंग ओला होता, पंजा काळा झाला. मग त्याने दोन्ही मुठींनी माझ्या फळ्यांवर धडाधड मारायला सुरुवात केली.

"मला कळवलंही नाहीस! विस्तिन! पुरलंस पण का तिला? माझ्याशिवाय?"

उंबरा कधी ओलांडला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. अकरा वर्षांची शपथ होती, ती दोन पावलांत संपली. "आई!" अशी हाक त्याने मारली, ती खालच्या आळीपर्यंत गेली असेल.

"ओरडू नकोस," आतून आवाज आला. "कान शाबूत आहेत माझे. आणि पाय पूस."

त्यानंतर बराच वेळ आतून फक्त एका मोठ्या माणसाचं लहान मुलासारखं रडणं ऐकू आलं. मी लाकूड आहे. पण तो आवाज ऐकून मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही.

"ती मिशी कमानीसाठी आहे, पडली ती. मी मेले म्हणून आलास," वितोरीन म्हणाली. "जिवंत आहे म्हणून यायला काय झालं होतं?"

"आई, त्याला विचार, दगडासाठी कुणी मिशी काळी करतं का?"

"आई, त्याला सांग, होडी माझी, मिशी माझी."

"मी काय निरोप्या आहे?" म्हातारीने पळी आपटली. "मला निरोपाचं काम सांगायला देवाने तुम्हाला तोंडं दिली नाहीत? बसा. दोघे बसा. कुस्कसू झालंय." बाकल्याच्या दाण्यांचं आणि चीझचं ते कालवण ती उपासाच्या दिवसांत करायची. वाट्या वाजल्या. खुर्च्या सरकल्या. तीन चमचे वाजत होते, ते मी मोजले.

मग नार्दूने आपल्या काळ्या पंजाकडे बघितलं असावं.

"वाऱ्यात रंग दिलास?" तो म्हणाला. या वेळी आईला मध्ये न घालता. "घासलं तरी होतंस आधी?"

"घासलं होतं."

"काय घासलं होतंस! खालचा पिवळा दिसतोय. फोड येतील आठवड्यात."

"तू मला होडी रंगवायला शिकवणार? प्लास्टिकच्या टबात बसणारा?"

वितोरीनच्या चमच्याचा आवाज तेवढा थांबला होता.

ईस्टरनंतरच्या सोमवारी दोघांनी तिला उचलून माझ्यात बसवलं. उशी हवी, ही नको, ती दुसरी हवी, असं करत अर्धा तास गेला. विस्तिन यंत्रावर, नार्दू पुढे वल्ही घेऊन. पहिली गुहा आली तसा विस्तिनच्या तोंडून सवयीने सुरू झालं, "आता आपल्या उजव्या हाताला, मंडळी..."

"कोण मंडळी?" वितोरीन म्हणाली. "मी तुझी आई आहे. नीट बोल."

ती सगळं बघत होती. नारिंगी किनार बघून तिने बोटाने विचारलं, हे कुणी केलं. शेवाळासारखं जिवंत आहे ते, असं नार्दूने सांगितलं. "इतकी वर्षं?" ती म्हणाली. "माझ्या दाराशी?" निळ्या गुहेत तिने आपला सुरकुतलेला हात उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. आणि मग, सगळे पाहुणे करतात तसं, ओरडून बघितलं. तिने सावेरला हाक मारली. आवाज तीनदा परत आला.

कमानीच्या जागी पोहोचलो तेव्हा विस्तिनने यंत्र बंद केलं. कड्याला एक ताजी पांढरी खूण आणि पुढे नुसतं आकाश. पाणी स्वच्छ होतं. खाली खडकांचे तुकडे पडले होते आणि त्यांच्यामधून मासे फिरत होते.

"इथे होती, आई," विस्तिन म्हणाला. "मी उशीर केला. त्या दिवशी समुद्र चांगला होता. मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मला काय समुद्र दिसत नव्हता? केलास तू उशीर. मीही साठ वर्षं भांडी घासत बसले, तो उशीर माझा. आणि ह्या बाजावाल्याने अकरा वर्षं केला." तिने नार्दूच्या पाठीत बोट खुपसलं. मग बराच वेळ पाण्यात वाकून बघत राहिली. "मासे छान आलेत," म्हणाली. "चला. थंडी वाजतेय."

नोव्हेंबरात ती गेली. आपल्या खाटेवर, दुपारी, झोपेत. घंटा वाजल्या तेव्हा गाव आलं, पण दोघे भाऊ डबा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि अडले. मिशी आधीच काळी. आता आईसाठी काय करायचं? शेवटी दोघांनी बसून काळ्यावर काळा रंग दिला. नीट घासून, वारा पडल्यावर. डावी बाजू विस्तिनने, उजवी नार्दूने. बघणाऱ्याला फरक दिसत नाही. मला आतून जड वाटतं, एवढंच.

आता खरी पंचाईत पुढे आहे. सुतक एक वर्षाचं. पण वर्ष धरायचं कुठून? विस्तिन म्हणतो, आई गेली तेव्हापासून, दगड त्यातच आला. नार्दू म्हणतो, सुतकं दोन, तर वर्षंही दोन, एकामागून एक. आईचं वर्ष या नोव्हेंबरात भरलं. विस्तिन पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आला. नार्दूने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, हा बाबांचा पिवळा नाहीच, हा लिंबाचा पिवळा आहे. त्यावरून चार दिवस गेले. मग पाद्रींना विचारलं. ते सान रोक्कूच्या बाजूचे निघाले, म्हणून नार्दूला ते मान्य नाही.

आता रोज सकाळी दोघे माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहून भांडतात. मांजराला मध्ये घालत नाहीत, पाहुण्याला घालत नाहीत. थेट भांडतात. भूक लागली की आत जाऊन एका टेबलावर बसून भांडतात. पुढे बसलेला एखादा पाहुणा माझ्या तोंडाकडे बघून विचारतो, कोण गेलं? एक म्हणतो, "आमची आई." दुसरा म्हणतो, "आधी कमान." की झालं सुरू.

माझ्या फळ्या जुन्या झाल्यात, उजव्या अंगाला थोडं पाणी येतं, काळा रंगही सुटायला लागलाय. तरी माझी काही तक्रार नाही. तुम्ही कधी मार्साहजरला आलात, माझ्यात बसलात आणि कुणाचं बरोबर हे तुम्हाला कळलंच, तर माझं एक ऐका. गुहा बघा, मासे बघा, ओरडून बघा. पण त्या दोघांच्या मध्ये पडू नका, आणि हा वाद मिटवू नका.